पाणी कमी, फुलं भरपूर! बागेत झुडपी सेज कसा वाढवायचा?

१ एप्रिल २०१५ चा दिवस. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा नेवाडा डोंगरातल्या एका माळावर उभे होते. एरवी एप्रिलच्या सुरुवातीला तिथे पाच फुटांहून जास्त बर्फ असतो. त्या वर्षी पायाखाली नुसतं वाळकं गवत होतं! तिथेच त्यांनी जाहीर केलं की शहरांनी पाण्याचा वापर २५ टक्क्यांनी कमी करायचा. राज्यभरातली ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिथे कमी पाण्याची झाडं लावण्याचं उद्दिष्टही त्याच आदेशात होतं.

हिरवळीवरच राग का? अमेरिकेत घरगुती पाण्यापैकी सरासरी ३० टक्के पाणी घराबाहेर, मुख्यतः बागेत जातं. कोरड्या भागांत हा आकडा ६० टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणजे नळ कितीही जपून वापरा, अंगणातलं गवत सगळी बचत पिऊन टाकतं!

पण हिरवळ काढल्यावर तिथे लावायचं काय? नुसते दगड आणि निवडुंग? कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या अनेक बागांनी या प्रश्नाचं एक सुंदर उत्तर शोधलंय, ते म्हणजे झुडपी सेज.

सेज म्हणजे नेमकं काय?

सेज म्हणजे साल्व्हिया. तुळस आणि पुदिन्याच्या कुळातली ही सगळ्यात मोठी प्रजाती. जगभरात तिच्या सुमारे १००० जाती आहेत. पाण्यात भिजवून खातो त्या चिया बिया साल्व्हियाच्याच. हिवाळ्यात आपल्या नर्सरीत मिळणारी लालभडक साल्व्हियाही याच घरातली, पण ती मूळची ब्राझीलची आणि तिला पाणी बऱ्यापैकी लागतं. आज आपण बोलतोय ते खोड लाकडासारखं टणक होणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या झुडपांबद्दल.

नावात मात्र बराच घोळ आहे. नर्सरीत 'टेक्सास सेज' म्हणून मिळणारं राखाडी पानांचं, जांभळ्या फुलांचं झुडूप साल्व्हिया नाहीच, ते ल्युकोफायलम. अमेरिकन सिनेमांतल्या वाळवंटात दिसणारा 'सेजब्रश' हा दवण्याचा भाऊबंद. आणि 'रशियन सेज' मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान, इराणकडचा! तो मात्र २०१७ पासून साल्व्हियात गणला जातो. म्हणून रोप घेताना चिठ्ठीवरचं शास्त्रीय नाव वाचाच.

हा पाण्याशिवाय तगतो कसा?

या झुडपांची पानं लहान असतात, त्यामुळे बाष्प कमी उडतं. अनेक जातींच्या पानांवर बारीक पांढरी लव असते. ती ऊन परतवते आणि पानालगतची हवा स्थिर ठेवते. पान चुरडलं की येणारा उग्र वास सुगंधी तेलांचा. त्यामुळे हरणं आणि ससे सहसा याच्या वाटेला जात नाहीत. फारच ताण पडला तर काही जाती थोडी पानं गाळून स्वस्थ बसतात आणि पाऊस पडला की पुन्हा पालवतात.

कोणती जात निवडाल?

*ऑटम सेज (साल्व्हिया ग्रेगाय):* नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपा. मूळचा टेक्सासचा नैऋत्य भाग आणि मेक्सिकोतल्या खडकाळ उतारांवरचा. जोसाया ग्रेग या व्यापारी-भटक्याच्या नावावरून आसा ग्रे या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८७० मध्ये त्याचं नामकरण केलं. उंची एक ते चार फूट. नाव 'शरदातला' असलं तरी वसंतापासून थंडी पडेपर्यंत फुलतो. लाल, गुलाबी, पांढरा असे बरेच रंग मिळतात. लाल फुलांवर गुंजन पक्ष्यांची, म्हणजे हमिंगबर्डची गर्दी असते.

*मेक्सिकन बुश सेज (साल्व्हिया ल्युकँथा):* मखमली जांभळे तुरे, शरदात बहर. चार फुटांपर्यंत वाढतो आणि तितकाच पसरतो, म्हणून जागा मोकळी ठेवा. कडक थंडीत वरचा भाग मरतो, पण मुळं शाबूत असतील तर पुन्हा फुटतो.

*क्लीव्हलँड सेज (साल्व्हिया क्लीव्हलँडाय):* सॅन डिएगो परिसरातला. निळसर जांभळी फुलं आणि घमघमणारी पानं. याच्या गावी उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात भरपूर पाणी दिलं तर हाच मरतो!

*व्हाइट सेज (साल्व्हिया एपियाना):* पांढुरकी पानं, मधमाश्यांचा लाडका. कॅलिफोर्नियातल्या मूळनिवासी समाजांसाठी हा पवित्र आहे. धुपासाठी त्याच्या जुड्या जगभर विकल्या जातात आणि त्यापायी रानातून चोरटी तोड होते. रानातून उपटलेला घेऊ नका. नर्सरीत वाढवलेलं रोपच घ्या.

लावायचा कसा?

१. जागा: दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत झुडूप लांबुडकं होतं आणि फुलं रोडावतात.

२. माती: पाण्याचा निचरा झालाच पाहिजे, ही अट सगळ्यात महत्त्वाची. एक फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे लावू नका, किंवा माती-खडीचा फूटभर उंच वाफा करा.

३. वेळ: उष्ण प्रदेशात पावसाळा किंवा कडक उन्हाळा सरल्यावर लावा. मुळांना पसरायला थंडीचे महिने मिळतात. जिथे बर्फ पडतो तिथे वसंतात लावलेलं बरं.

४. लागवड: खड्डा कुंडीतल्या मातीच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद करा. रोपाचा माथा जमिनीपेक्षा किंचित वर ठेवा. शेणखताचा मारा नको. फार सुपीक मातीत पानंच माजतात.

५. आच्छादन: बुंध्याभोवती बारीक खडी पसरा. पालापाचोळा टाकलात तर तो खोडाला चिकटू देऊ नका, तिथे ओल धरते.

पहिल्या वर्षी पाणी हवंच!

इथेच अनेकांची फसगत होते. 'दुष्काळात टिकणारं' म्हणजे लावल्या दिवसापासून पाणी नको, असं नाही. मुळं खोल जाईपर्यंत हे रोप इतर रोपांइतकंच नाजूक असतं.

पहिले काही आठवडे दोन-तीन दिवसांनी माती तपासा. बोट दोन इंच खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. मग अंतर वाढवत आठवड्यावर, पुढे पंधरवड्यावर न्या. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा क्वचित पण भरपूर द्या. वरवर ओल मिळाली की मुळंही वरच राहतात आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात झाड मान टाकतं. एक वर्ष सरलं की ऑटम सेजला लांबलेल्या कोरड्या दिवसांतच अधूनमधून पाणी पुरतं.

कात्री चालवायला घाबरू नका

छाटणी केली नाही तर दोन-तीन वर्षांत खाली नुसत्या काटक्या आणि वर चार पानं अशी गत होते. थंडी संपताना, नवे कोंब दिसू लागले की ऑटम सेज एक तृतीयांश ते निम्मा कापा. मात्र पान नसलेल्या जुन्या लाकडात कापू नका, तिथून फुटवा येईलच असं नाही. मेक्सिकन बुश सेज याच वेळी जमिनीलगत कापला तरी चालतो. फुलांचा एक बहर ओसरला की शेंडे खुडा, पुढचा बहर लवकर येतो.

छाटलेल्या कोवळ्या, न फुललेल्या फांद्या फेकू नका. तीन-चार इंचांचे तुकडे करा, खालची पानं काढा आणि वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचा. साधारण महिनाभरात मुळं धरतात.

सेज मरतो कशाने?

तहानेने क्वचित, लाडाने जास्त! पानं पिवळी पडून कोमेजली की आपण घाईने पाणी घालतो. पण मुळं कुजतानाही झाड अगदी तसंच कोमेजतं. म्हणून आधी माती तपासा. माती ओली आणि झाड कोमेजलेलं, तर पाणी ताबडतोब थांबवा.

महाराष्ट्रात जमेल का?

अडचण उन्हाची नाही, पावसाची आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून राहतं आणि कोकणात तर अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे जमिनीत लावणं म्हणजे मुळं कुजवण्याची हमी. देशावर, कोरड्या भागात रोप मिळालं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मातीच्या कुंडीत लावून पाहा. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कंपोस्ट आणि तळाला मोठं भोक. कुंडीखाली पाणी साचणारी ताटली नको. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या किंवा छज्ज्याच्या आडोशाला, पण उजेडात ठेवा. कुंडीतली माती लवकर सुकते, त्यामुळे जमिनीतल्यापेक्षा पाणी जास्त वेळा द्यावं लागेल. आपल्याकडे गुंजन पक्षी नाहीत, पण नळीसारख्या फुलांतला मध शिंजीरांनाही आवडतो.

टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहणारे तुमचे कुणी नातेवाईक पाण्याच्या बिलाने आणि वाळलेल्या हिरवळीने वैतागले असतील, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि तुमच्या बागेत कमी पाण्यात फुलणारं कोणतं झाड आहे, तेही आम्हाला सांगा!