रानाचा हंगाम ठरवतो वानरांचा पाळणा

मुकुटबन (जि. यवतमाळ), खास प्रतिनिधी : माणसाच्या घरी पाळणा वर्षातील कोणत्याही महिन्यात हलतो. रानातील वानरांचे तसे नसते. झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या परिसरात साग, ऐन, पळस, मोह आणि तेंदूचे पानगळीचे जंगल आहे. मध्य भारतातील अशा जंगलांत काळतोंड्या वानरांची बहुतांश पिले हिवाळा सरताना आणि उन्हाळ्यात जन्मतात. त्यामागे रानातील अन्नाचे वेळापत्रक असते.

पोषणाचे गणित

वानर मादीचा गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असतो. पावसाळ्यात कोवळा पाला मुबलक मिळतो, मादीचे अंग भरते आणि त्याच सुमारास गर्भधारणेची शक्यता वाढते. मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा कमी पडू लागली की मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारे संकेत मंदावतात, संप्रेरकांची पातळी घटते आणि गर्भ राहणे कठीण होते.

स्तनपानाचा काळ मादीच्या शरीरावर गर्भारपणापेक्षाही अधिक भार टाकतो. उन्हाळ्यात साग उघडाबोडका दिसत असला तरी रान रिकामे नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात, पुढे टेंभरे आणि चारोळी पिकतात. अनेक झाडांना पावसापूर्वीच नवी पालवी फुटते. एरवी जून, चिवट पाने पचविण्यासाठी वानराच्या कप्पेदार जठरातील जिवाणू उपयोगी पडतात. मात्र अशा पाल्यावर मादीचे जेमतेम भागते.

रामनगर आणि जोधपूर

अन्नाचा हा प्रभाव दोन ठिकाणच्या अभ्यासांतून स्पष्ट झाला आहे. नेपाळमधील रामनगरच्या जंगलात अँड्रियास कोनिग, कॅरोला बोरिस आणि पॉल विंकलर यांनी १९९० च्या दशकात वानरांचे दीर्घ निरीक्षण केले. तेथील वानर केवळ रानावर जगतात. त्यांचा समागमाचा हंगाम साधारणतः जुलै ते नोव्हेंबर असा ठरलेला, तर दोन बाळंतपणांतील अंतर जवळपास अडीच वर्षांचे आढळले.

राजस्थानातील जोधपूर येथे चित्र वेगळे आहे. तेथे भाविक वानरांना हनुमंताचे रूप मानून नित्य खाऊ घालतात. तेथे पिले वर्षाच्या सर्व महिन्यांत जन्मतात आणि बाळंतपणांतील अंतर सव्वा ते दीड वर्षांवर येते. माद्या पहिल्यांदा आई होतात त्याही रामनगरच्या तुलनेत बऱ्याच कमी वयात.

हा नियम वानरांपुरता मर्यादित नाही. बोर्निओतील जंगलांत काही वर्षांच्या अंतराने असंख्य झाडे एकाच वेळी फळतात. शेरिल नॉट यांनी १९९० च्या दशकात तेथील ओरांगउटानचा अभ्यास केला. फळांच्या टंचाईत हे प्राणी अंगातील चरबी जाळून जगतात आणि माद्यांची संप्रेरके घटतात, असे त्यांना दिसून आले. ओरांगउटानच्या दोन पिलांमध्ये साधारणतः सात ते आठ वर्षांचे अंतर असते.

शेताचा वाटा

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. तूर आणि हरभरा हिवाळ्यात शेतात उभे असतात. नेमक्या याच काळात रानातील पाला जून होऊन गळू लागतो आणि माद्या गर्भार असतात. पौष्टिक शेंगा आणि घाटे सहज मिळाले तर रानाने घातलेला लगाम सैल होऊ शकतो. रस्त्याकडेला व मंदिरांपाशी टाकलेली केळी, बिस्किटे आणि उघडा कचरा हेच काम बारमाही करतात. पुढे वाढलेले कळप पुन्हा त्याच शेतांकडे वळतात आणि भुर्दंड शेतकऱ्याला पडतो.

कळप हुसकावून लावला तरी अन्नाचा स्रोत कायम असेल तर तो परततो. म्हणून खाऊ घालणे थांबविणे, कचरा झाकणे, पिकांची राखण करणे आणि रानातील वड, उंबर, मोह, तेंदू ही झाडे टिकविणे यांचा विचार एकत्रितपणे व्हायला हवा. वानराला घातलेला घास पुण्याचा वाटतो खरा. परंतु त्याची किंमत बहुधा शेजारच्या शिवारातून वसूल होते.