बर्झेलियस यांचा पत्रसंग्रह : रसायनशास्त्राच्या इतिहासाचे एक प्राथमिक साधन

प्रस्तावना

विज्ञानाचा इतिहास प्रामुख्याने छापील शोधनिबंधांच्या आधारे लिहिला जातो. शोधनिबंधात निष्कर्ष असतो. त्या निष्कर्षापर्यंत पोहोचताना आलेल्या शंका आणि समकालीनांशी झालेली चर्चा त्यात क्वचितच आढळते. ही उणीव शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार भरून काढतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ योन्स याकोब बर्झेलियस (१७७९-१८४८) यांचा पत्रसंग्रह या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. त्यातील दोन पत्रप्रसंगांच्या आधारे पत्रव्यवहाराचे साधनमूल्य आणि त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संग्रहाचे स्वरूप

बर्झेलियस हे १८१८ पासून मृत्यूपर्यंत स्टॉकहोम येथील रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसचे कायम सचिव होते. युरोपभरातील संशोधनाचा ते वार्षिक आढावा लिहीत. त्यामुळे नवे प्रयोग, विश्लेषणे आणि तक्रारीही त्यांच्याकडे पत्रांतून येत असत. हा ठेवा अकॅडमीने जतन केला. पुढे लिबिग यांच्याशी झालेला पत्रव्यवहार १८९३ मध्ये, तर फ्रीडरिख व्होलर (१८००-१८८२) यांच्याशी झालेला पत्रव्यवहार ऑटो वालाख यांच्या संपादनाखाली १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१२ पासून सोडरबाउम यांनी संपादित केलेले पत्रांचे खंड अकॅडमीने प्रकाशित केले.

युरियाचे पत्र आणि पाठ्यपुस्तकी आख्यायिका

व्होलर यांनी १८२३-२४ मध्ये बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते. बर्लिनच्या औद्योगिक शाळेत शिकवत असताना २२ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यांनी आपल्या गुरूंना पत्र लिहिले. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून आपण युरिया तयार करू शकतो, असे त्यांनी त्यात उत्साहाने कळविले. अमोनियम सायनेट मिळविण्याच्या प्रयत्नात त्यांच्या हाती युरिया आला होता.

मात्र याच पत्रात ते स्वतःच एक शंका उपस्थित करतात. सायनिक आम्ल व अमोनिया मिळविण्यासाठी आरंभी सेंद्रिय पदार्थच लागतो. मग या घटनेला अजैविक द्रव्यापासून सेंद्रिय पदार्थाची निर्मिती म्हणता येईल काय? निसर्गतत्त्वज्ञ तर म्हणतील की, मूळ पदार्थातील जैव अंश अद्याप नाहीसा झालेला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मात्र ही शंका नाही. तेथे अजैविक द्रव्यांपासून प्राणिज पदार्थाची कृत्रिम निर्मिती झाल्याचे विधान आहे. बर्झेलियस यांनी मार्च १८२८ च्या उत्तरात शोधाचे कौतुक केले आणि आता शाळेच्या प्रयोगशाळेत एखादे मूलही तयार करता येईल, अशी थट्टाही केली. जीवनशक्तीवाद कोसळल्याची भावना या पत्रांत दिसत नाही. दोघांच्या दृष्टीने समान रासायनिक संघटन असलेल्या दोन पदार्थांचे गुणधर्म भिन्न असणे हीदेखील तितकीच महत्त्वाची बाब होती. बर्झेलियस यांनी १८३० मध्ये याच प्रकारच्या घटनांसाठी समघटकतेची संज्ञा रूढ केली.

‘१८२८ मध्ये व्होलर यांनी जीवनशक्तीवाद संपुष्टात आणला’ हे पाठ्यपुस्तकांतील विधान म्हणूनच तपासून घ्यावे लागते. कोल्बे यांनी मूलद्रव्यांपासून ॲसेटिक आम्ल तयार केले ते १८४५ मध्ये. डग्लस मॅकी यांनी १९४४ मध्ये व्होलर यांच्याविषयीच्या या कथेस ‘रासायनिक आख्यायिका’ ठरविले आणि पीटर रॅमबर्ग यांनी २००० मध्ये तिच्या जडणघडणीचा सविस्तर शोध घेतला.

‘प्रोटीन’ या संज्ञेचे जनकत्व

दुसरा प्रसंग श्रेयाचा आहे. ‘प्रोटीन’ ही संज्ञा डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांच्या १८३८ मधील लेखनातून प्रचारात आली आणि तिचे श्रेयही दीर्घकाळ त्यांनाच दिले गेले. परंतु १० जुलै १८३८ च्या पत्रात बर्झेलियस यांनीच ही संज्ञा मुल्डर यांना सुचविली होती. ‘प्रथम स्थानी असलेला’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ती घेतली होती. कारण प्राण्यांच्या पोषणातील हे मूळ द्रव्य वनस्पती तयार करतात, तृणभक्षक ते वनस्पतींकडून घेतात आणि मांसभक्षकांना ते तृणभक्षकांपासून मिळते, असे त्यांचे मत होते. पत्र जपले गेले नसते, तर ही नोंद इतिहासात दुरुस्त झाली नसती.

साधनाच्या मर्यादा

पत्रे हे साक्षात सत्य नव्हे. पत्रलेखक समोरच्या व्यक्तीचे स्थान लक्षात घेऊन लिहितो; शिष्याने गुरूंना लिहिताना दाखविलेला विनयही त्यात मिसळलेला असतो. शिवाय छापील आवृत्त्यांत निवड होते. लिबिग व व्होलर यांच्या पत्रव्यवहाराची १८८८ ची आवृत्ती हॉफमन यांनी व्होलर यांच्या कन्या एमिली यांच्या सहकार्याने काढली; ती निवडक पत्रांची होती. अशा वेळी मूळ हस्तलिखिताशी पडताळणी करणे आणि पत्र, उत्तर व शोधनिबंध ही तिन्ही साधने एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

समारोप

एका पत्राने पाठ्यपुस्तकातील ठाम विधान सैल केले, तर दुसऱ्याने एका संज्ञेचे श्रेय योग्य व्यक्तीस मिळवून दिले. दोन्ही पत्रे लिहिताना त्यांना इतिहासाचे साधन मानण्याचे कारण नव्हते. ती टिकली ती जतन करणाऱ्या संस्थेमुळे. महाविद्यालयीन विज्ञान विभागांनी आपल्या अध्यापकांचे पत्रव्यवहार व प्रयोगवह्या रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयाकडे सुपूर्द कराव्यात आणि अध्यापकांनी वर्गात व्होलर यांचा प्रयोग शिकवताना त्यांची शंकाही सांगावी. शंकेसह शिकविलेला शोध विद्यार्थ्याला वैज्ञानिक वृत्तीच्या अधिक जवळ नेतो.