खेड्याची दूधभुकटी व बालकांचा वाटा

दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील मुलांसाठी डिसेंबर १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जो आपत्कालीन निधी स्थापन केला, तो १९५३ मध्ये कायम करण्यात आला. नावातील 'आपत्कालीन' हा शब्द गळला. 'युनिसेफ' ही आद्याक्षरे मात्र टिकून राहिली. हा बदल केवळ नावापुरता नव्हता. अमेरिकेतील शिलकी दूधभुकटी वाटणे हे प्रारंभीचे कार्य होय. ती शिल्लक आटली की वाटपही थांबणार, हे उघड होते. म्हणून त्या त्या देशातच दूध टिकविण्याची साधने उभारण्याचा विचार पुढे आला.

तत्कालीन मुंबई राज्यातील खेडा जिल्ह्याची अडचण याच्या नेमकी उलट होती. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या सहकारी संघाचे दूध आणंदहून मुंबईस जात असे. हिवाळ्यात म्हशींचे दूध वाढे, पण मुंबईची मागणी त्या मानाने वाढत नसे आणि उरलेल्या दुधाचे करावयाचे काय, हा प्रश्न दरवर्षी उभा राही. भुकटी हा त्यावरील उपाय. परंतु म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. हरिश्चंद्र दलाया यांनी ती प्रत्यक्ष करून दाखविली, तेव्हाच यंत्रसामग्रीचा मार्ग मोकळा झाला. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी कारखान्याचे उद्घाटन केले.

या साहाय्यातील अट लक्षणीय आहे. युनिसेफने यंत्रे द्यावीत व त्यांच्या किमतीच्या दीडपट मूल्याचे दूध संघाने जिल्ह्यातील कुपोषित मुलांस विनामूल्य द्यावे, असे ठरले. वरकरणी हा हिशेब व्यापारी वाटतो. तथापि दुधाला रोख पैसा मिळू लागला की घरातील मुलाच्या पेल्यातील दूधही संकलन केंद्राकडे वळते, ही भीती अवास्तव म्हणता येत नाही. संघाच्या यशातच ती दडलेली होती! ज्या घरी म्हैस नाही, त्या घरचे मूल तर या सहकाराच्या कक्षेतच येत नव्हते. त्या मुलास जो वाटा मिळावयाचा तो या अटीतून. आणि अट होती ठराविक मूल्यापुरती, यंत्रे मात्र त्यानंतरही चालावयाची होती.