पाटी नसलेला धंदा

लालबागचे जुने धंदे म्हटले की सर्वांना मसाल्याची दुकाने व चिवडा गल्ली आठवते. पण भगिनींनो, पाटी नसलेला एक धंदा चाळीच्या खोल्याखोल्यांतून चाले, तो खानावळीचा. माझ्या सासूबाई वीस गिरणी कामगारांना जेवू घालीत. वाण्याकडे उधारी, आणि पैसे हाती येत ते गिरणीचा पगार झाल्यावर! १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गडीमाणसे गावी गेली. कित्येकांची बाकी सासूबाईंच्या वहीतच राहिली. पुष्कळ गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. उन्हाळ्यात डंकावर मसाला कांडायला मात्र अजून बायकांची गर्दी होते. सासूबाईंची मोठी परात माझ्याकडे आहे. तीत पीठ मळते चौघांपुरते.