नासासंधानोत्तर शोथ आणि कात : पुण्याजवळील १७९३ ची शस्त्रक्रिया व रायगड किनाऱ्यावरील कातकरी

चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेचे यश सुरीच्या कौशल्याइतकेच नंतरच्या शुश्रूषेवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक वाढते. उचललेल्या त्वचेखाली रक्त वा लस साचली तर ती त्वचा खालच्या भागाशी जुळत नाही आणि प्रसंगी मरते. भारतीय नासासंधानाच्या इतिहासलेखनात कपाळावरून त्वचा वळविण्याच्या युक्तीचे पुष्कळ कौतुक झाले. सूज आवरण्याच्या पद्धतीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित अंगाचा विचार केला आहे.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या टिपूच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ वीट बनविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. चित्रकार जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, त्याचे चित्र काढले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे पत्रात नमूद आहे. रुग्णाचे, चित्रकाराचे आणि साक्षीदारांचे नाव छापले गेले. ज्याने नाक बसविले त्याचे तेवढे नाही.

पत्रातील शुश्रूषेचा भाग मोजक्या ओळींचा, पण अर्थपूर्ण आहे. ‘टेरा जपोनिका’ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरत आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून जोड घट्ट करीत. चार दिवस दुसरे कोणतेही बंधन नसे. नंतर त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. पाच-सहा दिवस रुग्णाला उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि दोन भुवयांमधील त्वचेचा जोडदेठ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापीत.

टेरा जपोनिका म्हणजे जपानची माती नव्हे. युरोपीय व्यापाऱ्यांच्या गैरसमजातून पडलेले ते नाव आहे. तो आपला कात, खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून आटविलेला अर्क. त्यातील टॅनिन प्रथिनांना बांधून जखमेतील स्राव आटविते. वाळल्यावर कडक होणारे थर त्वचेला सर्व बाजूंनी सारखे दाबून धरीत असावेत, म्हणजे लस साचायला पोकळी उरत नाही. चार दिवसांची मर्यादाही सूज वाढण्याच्या काळाशी जुळते. सुश्रुतसंहितेत गालावरची त्वचा घेऊन नाक जोडल्यावर लगेच दोन नळ्या बसविण्यास, पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचे चूर्ण भुरभुरण्यास आणि कापसावर तिळाचे तेल शिंपडण्यास सांगितले आहे. पुण्याच्या कारागिराने आतून दाब देणे दहा दिवस लांबविले. सुजलेल्या त्वचेतील रक्ताभिसरणाला बाधा येऊ नये, हा त्यामागील अनुभव असावा. जोडदेठ पंचवीस दिवस राखण्यातही हेच शहाणपण दिसते : नव्या रक्तवाहिन्या रुजेपर्यंत त्याच वाटेने रक्त येते आणि परतते. आज डोके उंचावर ठेवण्याचा सल्ला देतात, ते उताणे निजविण्याशी जुळत नाही. तथापि कुशीवर वळून नवे नाक दाबले जाणे हा धोका अधिक मोठा होता.

कावसजीच्या जखमेवरील कात कोठला, हे पत्रात नाही. परंतु ज्या कोकणपट्टीत हा पदार्थ तयार होई, तिथे त्याच्या नावानेच एक जमात ओळखली जाते. तत्कालीन कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, हे कातकऱ्यांच्या वस्तीचे एक प्रमुख क्षेत्र. खैर तोडणे, तुकडे करणे, मडक्यांत उकळणे आणि अर्क आटवून वड्या पाडणे हा त्यांचा व्यवसाय होता. ब्रिटिश अमदानीत वनकायद्यांनी खैरतोडीवर निर्बंध आले, तेव्हा तो मोडला. पुढे लाकूडकोळसा, शेतमजुरी आणि वीटभट्ट्या हेच आधार उरले. नाक बसविणाराही विटा बनविणाऱ्यांपैकीच होता, हा योगायोग ध्यानात राहण्याजोगा आहे.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी भारतीय पद्धतीने नासासंधान केले आणि १८१६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तेव्हापासून कपाळावरील त्वचेची युक्ती युरोपीय शल्यशास्त्राची झाली. काताच्या पट्ट्या त्या प्रवासात मागेच राहिल्या.