रिचर्ड क्रॉसमन : प्रचारक, मंत्री व रोजनिशीकार

समकालीन लेख म्हणजे निर्विवाद पुरावा, असें मानण्याचा मोह संशोधकास नेहमींच होतो. इंग्लंडांतील मजूर पक्षाचा मंत्री रिचर्ड क्रॉसमन (१९०७–१९७४) याचें चरित्र या दृष्टीनें उद्बोधक आहे, असें आम्हांस वाटतें.

क्रॉसमन मूळचा ऑक्सफर्ड येथील तत्त्वज्ञानाचा अध्यापक. दुसऱ्या महायुद्धांत राजकीय युद्धप्रचाराच्या गुप्त खात्यांत तो जर्मन विभागाचा प्रमुख झाला. उघड असत्यानें शत्रूचा विश्वास मिळत नाहीं. सत्यांतून सोयीचें तेवढें निवडून सांगावें लागतें, हें त्या कामाचें मर्म होतें. १९४५ सालीं तो पार्लमेंटांत निवडून आला आणि १९६४ ते १९७० पर्यंत विल्सनच्या मंत्रिमंडळांत होता.

त्या काळांत त्यानें तेथील चर्चांची सविस्तर रोजनिशी ठेविली. बहुधा आठवड्याच्या अखेरीस तोंडीं सांगून ती ध्वनिमुद्रित केली. त्याच्या मृत्यूनंतर तिचें प्रकाशन थांबविण्यासाठीं सरकार न्यायालयांत गेलें. परंतु १९७५ सालीं सरन्यायाधीश विजरी यांनीं मनाईहुकूम नाकारिला, व तीन खंड १९७५ ते १९७७ मध्यें प्रसिद्ध झाले.

ज्यानें सत्य निवडण्याचा व्यवसाय केला, त्याचीच रोजनिशी आज त्या कारभाराचें एक प्रमुख साधन आहे. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीं; मात्र बखरीप्रमाणेंच ती दप्तरांतील कागदांशीं ताडून पाहिली पाहिजे. लिहिलें तें खरें काय, एवढेंच विचारून भागत नाहीं. काय गाळलें, हेंही विचारावें, असें आमचें मत आहे.