जेलीतली गोळी: 12 इंचांचा नियम कुठून आला?

पारदर्शक जेलीचा ठोकळा, त्यात घुसणारी गोळी आणि आत फुग्यासारखी फुगणारी पोकळी... असे स्लो मोशन व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. आज बघूया, ही टेस्ट आली कुठून आणि ती मोजते काय.

सुरुवात करू 1904 च्या शिकागोपासून. फिलिपाइन्सच्या लढाईत पॉइंट 38 चं रिव्हॉल्व्हर कमी पडतं, अशी अमेरिकी सैन्याची तक्रार होती. म्हणून थॉम्पसन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी कत्तलखान्यातल्या जिवंत गुरांवर आणि माणसांच्या मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. क्रूर तर होतंच. शिवाय प्रत्येक जनावर वेगळं, त्यामुळे दोन गोळ्यांची नीट तुलनाच होईना.

1980 च्या दशकात लष्करी सर्जन मार्टिन फॅकलर यांनी यावर उपाय पक्का केला: 10 टक्के जिलेटिन, तापमान 4 अंश सेल्सिअस. आणि खरी गंमत पुढे आहे. टेस्टआधी ठोकळ्याचीच परीक्षा! 4.5 मिमीचा स्टीलचा छर्रा सेकंदाला साधारण 180 मीटर वेगाने मारायचा. तो 8.5 सेंटिमीटरच्या आसपास थांबला, तरच ठोकळा पास.

मग आला 11 एप्रिल 1986. मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि तो लढतच राहिला. यानंतर एफबीआयने जेलमधल्या चाचण्यांचे नियम ठरवले: गोळी किमान 12 इंच आत गेली पाहिजे, 18 इंचांच्या फार पुढे नको. दंड आडवा आला तरी पोचली पाहिजे, आणि आरपार जाऊन मागच्या माणसालाही लागता कामा नये.

हीच फूटपट्टी लोकांनी स्वसंरक्षणाच्या शॉटगन काडतुसांना लावली. पक्ष्यांच्या शिकारीच्या काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात. जवळून झाडलं की जेलीचा पृष्ठभाग पार फाटतो, बघणारा हादरतो. पण छर्रे सहसा 12 इंचांच्या बरेच अलीकडे थांबतात. कारण साधं आहे: छर्ऱ्याचा व्यास निम्मा केला की समोरचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरतं, वजन मात्र आठवा हिस्सा. म्हणून तो पटकन मंदावतो. ‘डबल-ऑट’ बकशॉटचे छर्रे साधारण 8.4 मिमीचे, काडतुसात बहुधा 8 किंवा 9. ते 12 इंच सहज ओलांडतात. काही तर 18 च्याही पुढे जातात, आणि तिथे मागच्या माणसाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एक लक्षात ठेवा. जेलीत हाडं नसतात, घाबरणं नसतं, चुकलेला नेम नसतो. कोडची टेस्ट पास झाली म्हणून प्रॉडक्शनमध्ये सगळं ठीक चालेलच असं नाही ना? तसंच हे. एका काडतुसाची दुसऱ्याशी तुलना जेल प्रामाणिकपणे करून देतं. खऱ्या चकमकीत काय होईल, ते सांगत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला, तर फुगा बघू नका. ठोकळ्याशेजारची मोजपट्टी बघा, आणि आधी त्या ठोकळ्याची परीक्षा झाली होती का, तेही बघा.

भेटू पुढच्या भागात!